त्यांच्या कॅमेऱ्यातला राजवर्धन

मुरगूड,
९ जून २०२४

आक्का,

नमस्कार करते. फोन लावून लावून तुम्ही दमला असाल. माझा फोन बंद आहे, आबांचाही. कोल्हापूरहून सरकारी साहेब आले होते. दिल्लीहून फोन येईल तेवढा एक नंबर चालू ठेवा, बाकी सगळे बंद करा, असं सांगून गेले. त्यांनी सांगितलं नसतं तरी मी माझा बंदच केला असता. उघडला की तो व्हिडिओ येतो. माझ्या मामेभावानं पाठवला, बचत गटाच्या बायकांनी पाठवला, आपल्या शिवानीच्या शाळेच्या ग्रुपवरसुद्धा आला. खाली सगळ्यांनी हात जोडलेले. मी अजून एकदाही बघितलेला नाही.

कारखान्यातून फोन आला तेव्हा एवढंच कळलं होतं, की बंदुका घेतलेली माणसं आली आणि ह्यांना आणि प्रसेनजीतला गाडीत घालून घेऊन गेली. शिरोलीच्या फाउंड्रीत दोघं एकाच भट्टीवर होते, आफ्रिकेतही बरोबरच गेले. जाताना तुम्हीच म्हणाला होता, पेठ वडगावचा तो पोरगा सोबत आहे तर काळजी कशाला करतेस. आता दोघंही त्यांच्याकडे आहेत.

आबा दूध संस्थेत गेले होते. तिथं एकानं फोन त्यांच्या तोंडापुढं धरला आणि म्हणाला, "भाऊसो, ह्यो तुमचा राजाच न्हवं?" किटली तिथंच ठेवून आबा घरी आले. तेव्हापासून कुणाशी बोलत नाहीत. आई जेवत नाहीत.

विजयसिंह भाऊजी रोज येतात. तुमचे चुलतभाऊच ते, त्यांना वाईट वाटतंय हे दिसतं. ते म्हणतात, "वहिनी, टीव्हीवर रडल्याशिवाय दिल्ली हालत न्हाय. मी चॅनलवाल्यास्नी आणतो, तुमी निस्तं हो म्हणा." काय करावं कळत नाही. तुम्ही त्याच कामात आहात म्हणून विचारते. बोलावं का आम्ही?

आणि आक्का, तुम्ही तो बघितला असणार. कसे दिसतात?

तुमची,
अनुजा


मुंबई,
१४ जून २०२४

अनुजा,

तुझं पत्र आत्ता हातात पडलं आणि उभ्याउभ्याच उत्तर लिहितेय. बोलू नका. कुणाशीच नको, एक वाक्यही नको. विजयसिंहला माझं नाव घेऊन सांग, आक्कानं पाया पडून सांगितलंय म्हणून.

तो व्हिडिओ सरकारला पाठवलेलाच नव्हता. तो आधी पत्रकारांच्या फोनवर आला आणि सरकारला आमच्याकडून कळला. दिवसभर बातम्यांची चित्रं कापायची हे माझं काम, म्हणून तुला सांगते, तो कुणा अडाण्यानं काढलेला नाही. कोपऱ्यात त्यांचं निशाण आहे, खाली इंग्रजी अक्षरं आहेत, आवाज स्वच्छ आहे. बातमीत बसेल एवढाच लांब ठेवलाय. आम्हाला कापायचेसुद्धा कष्ट नकोत म्हणून तयार करून दिलाय. त्यांच्याकडे स्वतःचं टीव्ही चॅनल नाही, म्हणून ते आमचं वापरतात, आणि आम्ही देतो. आमच्याकडे अजूनही दिवसभर चालू आहे, मागे ढोल-ताशासारखं काहीतरी वाजवत.

मी संपादकांना सांगितलं की हा माझा सख्खा भाऊ आहे. ते खुर्चीतून उठले, पाठीवर हात ठेवला, हवी तेवढी रजा घे म्हणाले. मी दारापाशी पोचले तोवर त्यांनी विचारलं, "तेजस्वी, आईंचा नंबर मिळेल का?"

दिल्लीचे साहेब माझ्याशीही बोलले. ज्याच्या घरी जास्त आकांत दिसतो त्याला ती माणसं जास्त मोलाचा धरतात आणि सोडायला जास्त वेळ लावतात, असं ते म्हणाले. बोलणी आतून चालू आहेत. आपण गप्प राहणं हीच मदत आहे.

राजा बरा दिसतो. दाढी वाढलीय, एवढंच. तू बघू नकोस, पण बरा आहे.

आईला जेवायला घाल. माझ्या नावानं घाल.

तेजस्वी


मुरगूड,
२२ जून २०२४

आक्का,

तुमचं पत्र यायच्या आदल्या दिवशीच झालं ते.

मी शिवानीला आणायला शाळेत गेले होते. परत आले तर दारात गाड्या. आईंना पायरीवर बसवलं होतं, मांडीवर ह्यांचा लग्नातला फोटो दिला होता. कुणी दिला माहीत नाही, भिंतीवरचा काढून घेतला होता. आई म्हणत होत्या, "माझा एकुलता एक ल्योक हाय ओ. काय पायजे त्ये घ्या. रान घ्या, घर घ्या, मलाबी न्या. खरं त्येला मारू नगासा." मग माईक धरलेली मुलगी, तुमच्याच वयाची असेल, हळूच म्हणाली, "आजी, जरा इकडं कॅमेऱ्यात बघून परत एकदा म्हणाल?" आणि आई परत म्हणाल्या. जसंच्या तसं. मी आत जाऊन उभी राहिले, मला पुढं व्हायला झालं नाही.

आता सगळीकडे आईच आहेत. दिल्लीतल्या हिंदी चॅनलवरसुद्धा. गावात बंद झाला, मेणबत्त्या घेऊन लोक चौकात आले. मनापासून आले, त्यांच्यावर राग धरता येत नाही. पण त्यातल्याच काही पोरांनी दस्तगीरभाईंच्या शिलाईच्या दुकानावर दगड मारले. शिवानीचा शाळेचा ड्रेस त्यांनीच शिवलाय. आबांना कळल्यावर ते गेले आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. कुणाला काही बोलले नाहीत, नुसते बसले. मग पोरं पांगली. त्याचाही कुणीतरी व्हिडिओ काढला म्हणे.

प्रसेनजीतच्या घरीही चॅनलवाले गेले होते. त्याची आई बनाबाई दार लावून घेऊन आतनं म्हणाली, "हितं तसलं कोण ऱ्हात न्हाय, पावणं. फुडं जावा." त्याचं नाव बातमीत 'आणखी एक भारतीय' एवढंच येतं.

शिवानी परवा शाळेतून आली आणि म्हणाली, पप्पांच्या डोळ्याला लागलंय. कुणीतरी तिला दाखवलाय. तुम्ही बरा दिसतो असं लिहिलंत. मला वाईट वाटलं नाही. मीही तुमच्या जागी असते तर तेच लिहिलं असतं.

अनुजा


मुंबई,
८ जुलै २०२४

अनुजा,

थोडक्यात लिहिते. घरातल्या टीव्हीची वायर काढ आणि लपवून ठेव. आबांना सांग, बिघडला म्हणून. त्या लोकांनी दुसरा व्हिडिओ काढलाय. त्यात काय आहे ते विचारू नकोस, राजा जिवंत आहे एवढं पुरे.

दस्तगीरभाईंच्या दुकानावरच्या दगडांचं चित्रही त्यांच्यापर्यंत पोचलंय. ते आपल्या लोकांना दाखवतात, बघा तुमच्या भाऊबंदांचं तिकडं काय होतं म्हणून. आबा पायरीवर बसलेले मात्र त्यांनी दाखवलेले नाहीत. ते त्यांच्या उपयोगाचे नाहीत.

तो दुसरा व्हिडिओ कापायला माझ्याच टेबलावर आला होता. मी हात लावणार नाही म्हटलं. संपादक म्हणाले, आपण नाही दाखवला तर पलीकडचे पाच मिनिटांत दाखवतील. तासभर थांबले, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. मग पलीकडच्यांनी दाखवला. माझ्या शेजारच्या मुलानं तो कापला आणि मी पिशवी उचलून बाहेर पडले. आता परत जाणार नाही.

आईला जवळ घेऊन बस.

तेजस्वी


मुरगूड,
४ नोव्हेंबर २०२४

आक्का,

चार महिन्यांत तुमचं पत्र नाही, तरी आज राग नाही. तुम्हाला कळलं असेलच, पण मला माझ्या हातानं लिहायचंय. हे जिवंत आहेत!

पाडव्याच्या दिवशी सकाळी विजयसिंह भाऊजी ओरडतच आले, नवीन व्हिडिओ आलाय, राजा बोलतोय म्हणून. मी पहिल्यांदा बघितलं, आक्का. आजवर धीर झाला नव्हता. ह्यांनी नाव सांगितलं, गावाचं नाव सांगितलं. त्यांच्या तोंडून 'मुरगूड' ऐकलं आणि मी शिवानीला जवळ ओढलं. मी बरा आहे, सरकारनं ह्या लोकांचं ऐकावं, असं म्हणाले. डोळ्याखाली काळं आहे, आवाज बसलाय, पण तेच आहेत. शेजारच्या टीव्हीवर खाली लिहून येत होतं, जिवंत असल्याचा पुरावा म्हणून.

गल्लीत फटाके लागले. आईंनी कितीतरी दिवसांनी चूल पेटवून करंज्या तळल्या आणि पहिली करंजी ह्यांच्या फोटोपुढं ठेवली. आबा दाढी करून आले. दस्तगीरभाई पेढे घेऊन दारात उभे राहिले, आत यायला कचरत होते, आबांनी हाताला धरून आत आणलं.

आता सोडतील ना हो? तुम्हाला काय वाटतं?

अनुजा


मुंबई,
१५ नोव्हेंबर २०२४

अनुजा,

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. आईच्या करंज्यांचं वाचून बरं वाटलं. शिवानीसाठी फ्रॉक पाठवलाय, थोडा मोठाच घेतलाय.

तो व्हिडिओ सारखा बघू नकोस. दिल्लीहून काही कळेपर्यंत फार आशा लावून बसू नकोस आणि सोडूही नकोस. मला इथं एका शाळेत लहानसं काम मिळालंय. जमलं की तिकडे येते.

तेजस्वी


मुरगूड,
१२ जानेवारी २०२५

आक्का,

दिल्लीहून ह्यांच्या जाण्याची बातमी आली, तुम्ही दहाव्याला आलात आणि गेलात, पण घरात इतकी माणसं होती की आपल्या दोघींना बोलताच आलं नाही. वेदगंगेच्या काठावर पाणी सोडताना तुम्ही माझा हात घट्ट धरला होता. त्या वेळी विचारायचं होतं, ते आता लिहून विचारते. तुम्हाला दिवाळीतच माहीत होतं ना?

परवा प्रसेनजीत घरी आला होता. सुटून आल्यावर महिनाभर तो कोल्हापुरात दवाखान्यात होता. आमच्याच जेवणाच्या ताटापुढं बसला, पण जेवला नाही. आई आत होत्या तोवर त्यानं मला सगळं सांगितलं. तो बोलला तसंच लिहिते.

"वहिनी, आमाला कोन वळखत नव्हतं. दोन मजूर हायत, कंपनी कायतरी दील न् सोडून दिऊ, आसं त्यांचं चाललेलं. गावाजवळ ठेवलं हुतं, तिथं एक म्हातारी तापाच्या गोळ्या आणून द्यायची. त्येंच्यात एक पोरगा हुता, त्येचं काम निस्तं फोनवर आपल्या बातम्या बघायचं. आपली भाषा कळायची न्हाय त्येला, खरं किती लोकांनी बघितलं त्यो आकडा बघून खूश व्हायचा. एक दिवस नाचतच आला. आई दिसत हुत्या फोनात."

मी विचारलं, मग?

"राजाला बसवला, फोन त्येच्या हातात दिला न् त्येचं तोंड शूट करत ऱ्हायले. आई बोलत्यात, राजा बघतोय. परत परत लावला. शेवटी त्येनं फोनच्या काचंवर बोट फिरवलं, आसं, डोळं पुसल्यागत. दुसऱ्या दिवशी त्येला माझ्यापासनं काढून लांब नेला. हा लई मोठा मानूस हाय म्हणले, हेचा भाव येगळा. मला तिथंच टाकलं."

ह्यांना नवीन ठिकाणी ताप आला. तिथं गोळ्या नव्हत्या. ऑगस्टमध्येच सगळं संपलं होतं, त्या लोकांच्या ड्रायव्हरनं नंतर प्रसेनजीतला सांगितलं. दिवाळीचा व्हिडिओ जुनाच होता. शिल्लक राहिलेला त्यांनी वापरला. आम्ही फटाके वाजवले, आणि त्या पोरानं तेही फोनवर बघितलं असणार.

प्रसेनजीत हे सांगून रडायला लागला आणि नेमक्या आई बाहेर आल्या. "काय सांगत हुतास रं राजाचं?" म्हणाल्या. तो बिचारा काय सांगणार? म्हणाला, "आई, राजानं तुमाला बघितलं. तुमी टीव्हीवर बोलला त्ये सगळं ऐकलं त्येनं."

तेव्हापासून आई बदलल्यात. जेवतात. आल्यागेल्याला सांगतात, माझ्या लेकरानं शेवटाला माझं तोंड बघितलं, माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचला. मी ऐकून घेते. त्या बोलण्यानंच ह्यांना लांब नेलं, हे मी कधी तोंडातून काढणार नाही. तुम्हीही काढू नका. विजयसिंह भाऊजींनाही नको. त्यांनी गावात येणंच सोडलंय.

पण आई आता एकच मागतात. "मला बघताना त्यो कसा दिसत हुता, त्ये दाव." तो व्हिडिओ अजून तिकडं कुठंतरी आहे, हे त्यांना कळलंय. मी तो शोधून उघडला. पुढं काय काय आहे तुम्हाला माहीत आहे. निशाण, बंदूक, गाणं. तसला त्यांना दाखवता येणार नाही आणि दाखवायचा नाही म्हणवतही नाही. त्यातनं नुसते हे काढता येतील का, आक्का? बाकीचं सगळं जाऊन?

अनुजा


मुंबई,
२६ जानेवारी २०२५

अनुजा,

दिवाळीत मला संशय होता, खात्री नव्हती. शर्टाच्या कॉलरवर जी चिखलाची रेघ पहिल्या व्हिडिओत होती तीच होती, आणि भिंतीवरची सावली तिथंच पडत होती. मी दिल्लीला कळवलं. ते म्हणाले, आम्हालाही तसंच वाटतंय, पण सांगू नका. तुझ्या पत्रात करंज्या होत्या आणि आबांची दाढी होती. मला ते मोडवलं नाही.

तू मागितलंस ते केलंय. ज्याला हात लावणार नाही म्हणाले होते, तोच शेवटी मीच कापला. आधी आवाज काढला, सगळाच. मग कडेची बंदूक गेली, निशाण गेलं, खालची अक्षरं गेली, भिंतही गेली. कापत कापत शेवटी फक्त त्याचा चेहरा राहिला आणि गालावर पडलेला त्या फोनचा उजेड. काही सेकंदांचं आहे. करताना लक्षात आलं, लहानपणापासून त्याच्याकडे इतका वेळ मी कधी बघितलंच नव्हतं.

पेन ड्राइव्हवर घालून पाठवतेय, टीव्हीला मागून लावायचा. फोनवर पाठवत नाही. फोनवरचं कुठं जाईल ते आपण बघितलंय.

एकटीनं दाखवू नकोस, आबांना जवळ बसव.

तेजस्वी


मुरगूड,
५ फेब्रुवारी २०२५

आक्का,

काल दुपारी दाखवलं.

टीव्हीची वायर पिठाच्या डब्यामागून काढली. शिवानीला दस्तगीरभाईंच्या दुकानात बसवून आले. आबा खाटेवर बसले, आई टीव्हीच्या अगदी पुढं, जमिनीवर. मी लावला.

संपला तर आई म्हणाल्या, परत लाव. परत लावला. मग गुडघ्यावर पुढं सरकून त्यांनी पडद्यावर ह्यांच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "लई वाळलाय." आबा उठून बाहेर गेले. मला वाटलं, आता रडतील. रडल्या नाहीत. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या,

"ह्यो कुणी काढला गं?"

"त्यांनीच, आई."

"त्यांनीच दावलं न् त्यांनीच काढला?"

"व्हय."

"म्हंजे माझं रडणं त्यास्नी पायजे हुतं."

मी उठून टीव्ही बंद केला, आक्का. त्यावरूनच त्यांना सगळं कळलं असावं. म्हणाल्या, "त्या पोरीनं परत म्हणा म्हटलं, तवा मी परत म्हटलं गं." मी त्यांना धरलं. इतके दिवस जे झाकून ठेवलं होतं ते झाकलेलं राहिलं नाही.

संध्याकाळी उठल्या, तोंड धुतलं, म्हशीकडं गेल्या. परत येऊन म्हणाल्या, "पूस त्ये. आता माझं पोरगं कुणाला दावायचं न्हाय." मी म्हटलं, आई, हा फक्त आपल्यासाठी आक्कांनी केलाय, ठेवूया की. "न्हाय. पूस. मी बघितलंय."

आज एका चॅनलवरून पुन्हा माणूस आला होता. आठ महिने झाले म्हणून आईंचे दोन शब्द हवेत म्हणाला. आई दारापर्यंत गेल्या. मला वाटलं शिव्या देतील. शांतपणे म्हणाल्या, "पावणं, हितं आता कोन बोलत न्हाय," आणि दार लावून घेतलं.

मी पेन ड्राइव्ह पुसलाय. तुमच्याकडे प्रत असेल तर तीही पुसा. तिकडं जगात जे फिरतंय ते फिरतच राहणार, माहीत आहे मला. आपल्याकडचं तेवढं आपल्या हातात आहे.

तुमची,
अनुजा